स्पीकर बनवणारी कंपनी बंद पडली, आता आपल्या स्पीकरचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्या छोट्या कंपनीचे स्पीकर तुम्ही हौसेने घेतले आणि बरीच वर्षं ऐकलेत, ती कंपनी बंद झाली. वॉरंटीही अजून संपली नव्हती. आता स्पीकर विकून टाकावेत, मिळतील तेवढे सुटे भाग जमवून ठेवावेत, की काहीच न करता ऐकत राहावं?

विकू नका, एवढं आधी सांगतो. निदान घाईने तरी नाही. तुमचे स्पीकर पॅसिव्ह असतील, म्हणजे ॲम्प्लिफायर वेगळा आणि पेटीत फक्त ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग: खालच्या सुरांचा वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटर) व क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या ड्रायव्हरकडे जायचे ते वाटणारं सर्किट), तर कंपनी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही ते आदल्या दिवशीइतकेच चांगले वाजतात आणि पुढे कित्येक वर्षं वाजू शकतात. कंपनीबरोबर जाते ती माहिती. ट्वीटर कुणाकडून यायचा, त्यात कोणते बदल करून घेतले होते, क्रॉसओव्हरमधला एक रेझिस्टर मधल्याच एका वर्षी का बदलला, हे सगळं दोन-चार माणसांच्या डोक्यात आणि एखाद्या संगणकावर असतं. कंपनी मोडली की ती माणसं पांगतात. दुरुस्तीला आलेला स्पीकर उघडताना भाग मिळत नाही ही अडचण मला नंतर भेटते. त्याआधी भेटते ती ही की हा स्पीकर नवा असताना नेमका कसा वाजत होता, हे सांगणारं कुणीच उरलेलं नसतं. म्हणून तुमचं पहिलं काम दुरुस्तीचं नसून नोंदीचं आहे, आणि ते स्पीकर ठणठणीत आहेत तोवरच उरकायला हवं.

पैशांचं आणि वॉरंटीचं आधी बोलून घेतो, कारण तिथे मुदती असतात. कंपनी दिवाळखोरीत गेली तर वॉरंटी हा बहुतेक ठिकाणी विनातारण धनकोचा, म्हणजे पैसे येणं असलेल्या पण तारण नसलेल्या माणसाचा, साधा दावा उरतो आणि अशा दाव्यांच्या वाट्याला शेवटी फारसं काही येत नाही. स्पीकर दुकानातून घेतले असतील तर विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी स्वतंत्रपणे चालू असू शकते. आपापल्या देशातला ग्राहक कायदा बघा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. खरा फटका बसतो तो आगाऊ रक्कम भरून स्पीकरची वाट पाहणाऱ्यांना. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे रक्कम परत मागण्याची मुदत थोडी असते, तेव्हा आजच अर्ज करा. आणि तुमचा स्पीकर किंवा एखादा ड्रायव्हर दुरुस्तीसाठी त्यांच्या कारखान्यात अडकला असेल, तर तो तुमच्या मालकीचा आहे, कंपनीच्या मालमत्तेत धरायचा नाही, हे अनुक्रमांक आणि पावतीसह लिक्विडेटरला (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याला) लगेच लेखी कळवा. कारखान्यातला माल एकगठ्ठा विकला गेला की नंतर तो वेगळा काढणं फार कठीण जातं.

आता नोंदीकडे. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण जवळजवळ कुणीच हे करत नाही.

स्पीकर अचानक बिघडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो हळूहळू बदलतो. आणि जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच वयाचे असतात, एकाच खोलीत असतात, त्यामुळे दोन्ही सारखेच बदलतात. डाव्या-उजव्याची तुलना करून काही हाती लागत नाही आणि कान तर रोजच्या आवाजाला सरावलेला असतो. दहा वर्षांनी ट्वीटर मंदावला का, हे ठरवायला एकच खात्रीचा आधार असतो: तो चांगला असतानाचं मोजमाप. कंपनी जिवंत असती तर तिच्याकडे मूळ आलेख असता. आता तो तुमच्याकडेच असायला हवा.

साधनं फार लागत नाहीत. मोजमापासाठीचा साधा मायक्रोफोन, साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू (REW, रूम ईक्यू विझार्ड) हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पहिलं मोजमाप इम्पिडन्सचं, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं. हेडफोन आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावून हे सॉफ्टवेअर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचा आलेख काढतं. जोडणीचं चित्र त्याच्या मदत-पानांवर आहे. पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी, असलेल्या पेटीत खालच्या सुरांच्या भागात दोन उंचवटे आणि त्यांच्यामध्ये दरी दिसते. ती दरी म्हणजे साधारणपणे पेटीचं ट्यूनिंग, पोर्ट ज्या सुरावर घुमतो तो सूर. बंद पेटीत एकच उंचवटा दिसतो. हा आलेख खोलीवर अवलंबून नसतो, म्हणून पुढे कुठेही, कुणीही पुन्हा काढला तरी तुलना होऊ शकते. सराउंड (कोनाभोवतीची लवचिक कडा) कडक झालं, पेटीला कुठे हवेची गळती लागली, क्रॉसओव्हरमधला एखादा कॅपॅसिटर खलास झाला, की आलेख सरकतो किंवा त्याचा आकार बदलतो. दुरुस्ती करणाऱ्याला या एका आलेखातून जेवढं कळतं तेवढं तासभर ऐकूनही कळत नाही.

दुसरं मोजमाप आवाजाचं: मायक्रोफोन ट्वीटरच्या उंचीवर, एक मीटरवर, स्पीकर आणि मायक्रोफोनची जागा जमिनीवर खूण करून. खालच्या सुरांत खोली मिसळणारच, पण आपल्याला प्रयोगशाळेतला निकाल नको आहे, त्याच जागी पुढच्या वेळी तुलना करता आली म्हणजे झालं. वूफरसाठी मायक्रोफोन डस्ट कॅपपासून (कोनाच्या मधल्या टोपीपासून) सेंटिमीटरभर अंतरावर धरून कमी आवाजात वेगळं मोजमाप घ्या, त्यात खोली जवळजवळ राहत नाही. दोन्ही स्पीकरचं स्वतंत्र घ्या, फाइलच्या नावात अनुक्रमांक आणि तारीख टाका.

मग स्पीकर उघडा. भीती वाटत असेल तर जाणत्या माणसाकडून उघडून घ्या, पण एकदा उघडाच. पेटी पाठीवर आडवी ठेवा, म्हणजे स्क्रू काढल्यावर जड वूफर पुढे कोसळणार नाही. ट्वीटरजवळ पाना किंवा स्क्रूड्रायव्हर वापरताना दुसरा हात डोमच्या वर आडवा धरा. चुंबक लोखंडी टोकाला एवढ्या जोरात ओढतो की हात निसटायचा अवकाश, डोम फाटतो. ड्रायव्हर बाहेर आला की कोणती तार कोणत्या टोकाला आहे याचा फोटो आधी, बाकी सगळं नंतर.

चुंबकाच्या मागचं स्टिकर आणि शिक्के हा खजिना आहे. नॉर्वेच्या सीस कंपनीच्या ड्रायव्हरवर बहुधा एच आणि पुढे चार आकडे असतात. डेन्मार्कच्या स्कॅनस्पीकच्या १८डब्ल्यू/८५३१जी अशा नावात १८ म्हणजे सेंटिमीटरमधला आकार आणि तिरप्या रेघेनंतरचा ८ म्हणजे ओहम. जुन्या अमेरिकी ड्रायव्हरवर निर्मात्याचा संकेतांक असतो: १३७ म्हणजे सीटीएस, २२० म्हणजे जेन्सन, ३२८ म्हणजे युटा, त्यापुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. असा ओळखीचा निर्माता निघाला तर निम्मी काळजी मिटली, पण निम्मीच. छोट्या कंपन्या बऱ्याचदा तयार ड्रायव्हरच घ्यायच्या, मात्र फेरोफ्लुइड (चुंबकाच्या फटीतलं तेलकट द्रव) न घालता, वेगळ्या इम्पिडन्सचा किंवा वेगळ्या फेसप्लेटचा करून. यादीतला सारख्या नावाचा ट्वीटर मागवला आणि तो मूळच्यापेक्षा दोन डेसिबल चढा निघाला, असं होतं. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर क्रॉसओव्हरपासून सोडवून त्याचा डीसी रेझिस्टन्स (मल्टिमीटरने मोजता येणारा साधा रोध) आणि सुटा इम्पिडन्स आलेख घेऊन ठेवा. ८ ओहम म्हटलेल्या ड्रायव्हरचा डीसी रेझिस्टन्स साधारण साडेपाच ते साडेसहा ओहमच्या आसपास येतो. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून हे काम होत नाही: तिथे फक्त वूफर आणि त्याच्या वाटेतली क्रॉसओव्हरची कॉइल मोजली जाते, कारण ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो.

क्रॉसओव्हरचे फोटो वरून, खालून आणि बाजूने काढा. प्रत्येक कॅपॅसिटरवरचा आकडा, व्होल्टेज, टक्केवारी. रेझिस्टरचे ओहम आणि वॉट. कॉइलचा गाभा हवेचा की लोखंडाचा, तारेची जाडी, आणि जमलं तर तिचा डीसी रेझिस्टन्सही. लोखंडी गाभ्याच्या कॉइलच्या जागी तेवढ्याच मिलिहेन्रीची हवेची कॉइल बसवली की रेझिस्टन्स वाढतो आणि खालच्या सुरांचा तोल बदलतो. "दर्जा वाढवला" म्हणून असे बदल केलेले स्पीकर माझ्याकडे येतात आणि मालकाची तक्रार असते की पूर्वीसारखं वाजत नाही.

याच दिवसांत कंपनीच्या माणसांना पत्र लिहा. बंद होताना संस्थापक आणि तंत्रज्ञ दुःखात असतात, पण बहुतेक जण आपल्या स्पीकरबद्दल विचारलेलं मनापासून सांगतात. "मदत करा" असं मोघम लिहू नका. नेमकं विचारा: माझ्या अनुक्रमांकाच्या जोडीचा क्रॉसओव्हर नकाशा, ड्रायव्हरचे पुरवठादार आणि त्यांचे क्रमांक, पेटीचं ट्यूनिंग, व्हेनिअरचं आणि वरच्या फिनिशचं नाव, आणि प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे जुळवली होती का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काही निर्माते ट्वीटरच्या प्रत्येक नगानुसार रेझिस्टर बदलत असत आणि ते कुठल्याच नकाशावर नसतं. संकेतस्थळावरची मॅन्युअल्सही उतरवून घ्या, डोमेनचं भाडं थकलं की तीही जातील. इतर मालक ओळखीचे असतील तर कागद एका जागी जमवा आणि शिल्लक ड्रायव्हर लिक्विडेटरकडून एकत्र विकत घेता येतील का ते बघा. लिक्विडेटर एकट्याला सहसा उत्तर देत नाही, वीस जणांच्या मागणीला देतो.

माहिती टिकली की काय होतं, याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर बीबीसीने १९७० च्या दशकात तयार केला आणि रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांना बनवण्याचा परवाना दिला. रचना लिहिलेली होती, एकाच्या मालकीची गुपितं नव्हती. त्यातले केईएफ या स्पीकर कंपनीचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर १९९० च्या दशकाच्या अखेरीस बनायचे थांबले, तरी पुढे फाल्कन अकूस्टिक्सने ते नव्याने बनवले, आणि त्या कंपनीचे संस्थापक माल्कम जोन्स यांनीच केईएफमध्ये असताना ते दोन्ही मूळचे घडवले होते. माणूस आणि कागद दोन्ही उरले, म्हणून स्पीकर उरला. १९५७ च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचे (त्यात कोनाऐवजी पातळ पडदा आवाज काढतो) पॅनेल जर्मनीत आजही नव्याने बनतात. ॲपोजी या अमेरिकी कंपनीचे रिबन स्पीकर १९९० च्या दशकात बंद झाले. त्यांची नवी रिबन ऑस्ट्रेलियात बनू लागली, कारण मालकांचा एक चिवट गट त्यांच्या मागे होता.

थील ऑडिओ या अमेरिकी कंपनीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. संस्थापक जिम थील २००९ मध्ये गेले, २०१२ मध्ये कंपनी विकली गेली आणि काही वर्षांतच संपली. त्यांचे स्पीकर फर्स्ट-ऑर्डर क्रॉसओव्हरचे, म्हणजे ड्रायव्हरच्या हद्दीपलीकडे आवाज कमी होण्याचा उतार सप्तकाला फक्त ६ डेसिबल, आणि तो उतार प्रत्यक्ष आवाजात साधण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये ढीगभर भाग. ड्रायव्हर त्यांनी स्वतः घडवलेले. तिथे बाजारातला "जवळपासचा" ड्रायव्हर चालत नाही. उतार एवढा सौम्य असल्यामुळे प्रत्येक ड्रायव्हर आपल्या हद्दीच्या खूप पलीकडेपर्यंत ऐकू येतो आणि त्याचा स्वभाव बदलला की सगळा मेळ बिघडतो. तिथल्या मालकांना आधार मिळाला तो सेवा विभागातल्या जुन्या माणसाने काम पुढे चालू ठेवल्यामुळे. तुमच्या स्पीकरबद्दल स्वतःला विचारायचा प्रश्न यातूनच निघतो: ड्रायव्हर तयार यादीतला की खास घडवलेला, आणि क्रॉसओव्हर तीव्र उताराचा की सौम्य? ड्रायव्हर तयार आणि उतार तीव्र असेल तर पर्यायी ड्रायव्हरला बराच वाव आहे. दोन्ही उलट असेल तर सुटे भाग शोधायला आजच लागा.

वयानुसार काय जातं, ते सांगतो. पॉलियुरेथेन फोमचं सराउंड हवेतल्या ओलाव्याने आणि उजेडाने झडतं. पंधरा-वीस वर्षांत बोट लावलं की भुगा. यात घाबरण्यासारखं काही नाही, फोम बदलता येतो, फक्त मूळच्या रुंदीचा आणि लवचिकतेचा हवा. जास्त कडक फोम बसला की वूफरचा रेझोनन्स (तो ज्या सुरावर आपोआप सहज थरथरतो तो) वर चढतो आणि पेटीशी जुळत नाही. बसवताना व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मध्यावर आणण्यासाठी डस्ट कॅप काढून शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, लावतात, किंवा गोंद ओला असताना कमी फ्रीक्वेन्सीचा सूर वाजवून कॉइल घासत नाही याची खात्री करतात. रबराचं सराउंड कितीतरी जास्त टिकतं, त्याचा त्रास झालाच तर कोनाच्या काठावरचा गोंद सुटण्याचा.

ट्वीटरमधलं फेरोफ्लुइड हा गुपचूप बिघडणारा भाग आहे. चुंबकाच्या फटीत भरलेलं हे तेलकट द्रव सुकून घट्ट होतं, डोमची हालचाल अडते आणि वरचा आवाज दबतो. मालक म्हणतो, "स्पीकर आता मऊ झालेत, छान वाटतात." ट्वीटर उघडता येण्याजोगा असेल तर फट कागदाच्या पट्ट्यांनी साफ करून त्याच घट्टपणाचं नवं द्रव मोजून भरता येतं. यासाठीच ट्वीटरचा जुना इम्पिडन्स आलेख हवा: रेझोनन्सचा उंचवटा पुन्हा पहिल्यासारखा दिसला की काम जमलं.

क्रॉसओव्हरमधले बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर काळानुसार भरकटतात. ते बदलायला हरकत नाही, पण फिल्म कॅपॅसिटर घातला तर त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स मूळच्यापेक्षा कमी असतो आणि ट्वीटर थोडा चढतो. मूळ आवाज हवा असेल तर नवा इलेक्ट्रोलिटिक घाला, नाहीतर फिल्मच्या जोडीला एक छोटा रेझिस्टर मालिकेत लावा. मोजून चांगला निघालेला कॅपॅसिटर केवळ वय झालं म्हणून मी बदलत नाही.

सुटे भाग साठवायचे असतील तर ट्वीटरची एक जोडी आधी घ्या. जोरात वाजवताना पहिल्यांदा जळते ती त्याची कॉइल. मग परवडला तर एक वूफर किंवा मिडरेंज. फोमचे सराउंड आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर साठवू नका, ते खोक्यातही म्हातारे होतात. जड वूफर आडवे ठेवले तर वर्षानुवर्षांत स्पायडर (कोनाला मागून धरणारी लवचिक चकती) झुकतो, तेव्हा पेटीत असतात तसे उभे ठेवा.

आतापर्यंतचं सगळं पॅसिव्ह स्पीकरबद्दल झालं. आत ॲम्प्लिफायर, डीएसपी (आवाजावर आकड्यांनी प्रक्रिया करणारी चिप) आणि ॲप असलेल्या स्पीकरचं चित्र खूप नाजूक आहे, ते सौम्य करून सांगणार नाही. पॉवर सप्लाय किंवा ॲम्प्लिफायर मॉड्यूल हायपेक्स, आइसपॉवर अशा ओळखीच्या निर्मात्याचं असेल तर बदलता येतं. डीएसपीमधले फिल्टर मात्र त्या स्पीकरचा क्रॉसओव्हरच असतात, आणि चिप मेली की त्यांची प्रत कुणाकडेच नसते. म्हणून कंपनीची माणसं भेटतील तोवर फर्मवेअर आणि फिल्टरची फाइल मागा. ॲपशिवाय, इंटरनेट काढून टाकून, ॲनालॉग किंवा ऑप्टिकल इनपुटवर स्पीकर वाजतो का, हे आजच तपासा. वाजत असेल तर बाहेरचा स्ट्रीमर जोडा आणि आतलं नेटवर्क विसरा.

इथे कंपनी जिवंत असणंही पुरत नाही. बोसने आपल्या साउंडटच मालिकेची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद करण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. याउलट लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स मालिका २०१२ मध्ये थांबवली, त्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये संपली, तरी ते प्लेअर अजून चालतात, कारण सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होतं आणि वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं. बंद होणाऱ्या कंपनीकडे एकच मागणी करायची असेल तर मी हीच करेन: फिल्टर आणि संपर्काचे नियम खुले करून जा.

काही वर्षांनी तुमच्या कंपनीचं नाव पुन्हा बाजारात दिसेलही. नाव विकत घेणारा बहुधा जुन्या वॉरंटी घेत नाही आणि त्याच्याकडे जुने भागही नसतात. १९५४ मध्ये सुरू झालेल्या ॲकूस्टिक रिसर्चचं नाव १९६७ मध्ये टेलेडाइनकडे गेलं आणि पुढे आणखी हात बदलत राहिलं. जुने एआर स्पीकर आज वाजतात ते स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांच्या आणि मालकांनी जपलेल्या कागदांच्या जोरावर. तरीही नव्या मालकाला लिहून बघा, कधीकधी नावाबरोबर जुने नकाशेही त्याच्याकडे आलेले असतात.

विकायचं कधी? खास घडवलेला ड्रायव्हर गेला, पर्याय नाही आणि दुरुस्तीही होत नाही, अशी वेळ आली तर. तेव्हासुद्धा जोडी कचऱ्यात टाकू नका. उरलेले चांगले ड्रायव्हर आणि दोन्ही क्रॉसओव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीला आणखी दहा वर्षं देऊ शकतात. चालू जोडी विकत असाल तर आलेख, फोटो आणि नकाशा सोबत द्या. आणि अशा बंद कंपनीची जुनी जोडी तुम्ही विकत घेणार असाल, तर सराउंड बोटाने हलकेच दाबून बघा, वूफरचा कोन दोन्ही हातांनी सारखा आत ढकलून कॉइल घासते का ऐका, दोन्ही ट्वीटर एकेक करून मोनो आवाजात तपासा, आणि क्रॉसओव्हरला कुणी हात लावला आहे का ते विचारा. लावला असेल तर काढलेले मूळ भाग मागून घ्या. ते मिळाले नाहीत तर किंमत तशी लावा.